पानात न मावलेली ओळ

अनघा आणि रोहन, हे मी इतकी वर्षं का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर टाळत होते. गेल्या आठवड्यात अनघाचं पत्र आलं आणि टाळायला जागा उरली नाही. तिनं आपल्या नव्या नोकरीबद्दल लिहिलं आहे. तिकडे ज्यांच्या मालकीची रानं आहेत अशा शेतकऱ्यांच्या घरी ती जाते, त्यांच्या स्वयंपाकघरात बसते, आणि रान कसं राखावं, त्यातल्या पाखरांना आणि जनावरांना जागा कशी ठेवावी हे समजावून सांगते. शेवटी लिहिलं आहे, 'आजी, हिरवी झाडं राखायला लोक लगेच तयार होतात. पण वाळलेली, पोकळ झाडं उभी राहू द्या म्हटलं की हसतात. तुझ्या वेळी असं काम कुणी करायचं का गं?'

करायचं. मीच करत होते. आणि पोकळ झाडांची नेमकी हीच एक गोष्ट मी लोकांना वेळेवर सांगितली नाही.

पत्र आलं त्या सकाळी शेजारच्या इमारतीच्या माळ्यानं पाचोळा पेटवला होता. चैत्र लागला की अंबरनाथला हवा जड होते, धूर वर जात नाही, खिडकीच्या उंचीवर रेंगाळतो. पत्र हातात आणि नाकात तो वास. क्षणभर मला वाटलं, डोंगराखाली राब भाजताहेत.

राब म्हणजे काय, ते तुमच्या वडिलांनासुद्धा नीट ठाऊक नाही. भाताची रोपं जिथं करायची ती जमीन आमच्याकडचे शेतकरी आधी भाजून घेत. थंडीत ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, त्या वाळवायच्या, शेण, पाला, गवत यांचे थर जमिनीवर पसरायचे, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. धूर दोन-दोन दिवस जमिनीलगत फिरे. त्या वासात कडूपणा असे आणि भाकरी करपल्यासारखी एक गोडीही. भातासाठी रान लागे, म्हणून भातशेती असलेल्या घरांकडे डोंगरउताराचा एखादा तुकडाही असे. मालकी रान. त्यातल्याच एका तुकड्याची ही हकिकत आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन पुण्याहून इथं आले. तुमचे आजोबा कारखान्यात साहेब होते. अंबरनाथ पश्चिमेला आमचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. माझ्या कपाटात पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असत, आणि डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. आजोबा म्हणायचे, "हिला देवानं डोंगर दिला तर ही त्यालासुद्धा समास आखील." मला ते कौतुक वाटायचं.

पलीकडे कल्याण कॅम्प होता. त्याचं उल्हासनगर नुकतंच झालं होतं. लष्कराच्या जुन्या बराकींतून फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं भरलेली होती. गोणपाटाचे पडदे, आणि प्रत्येक पडद्याआड एक शेगडी. इतक्या शेगड्यांना लागणारा कोळसा कुठून येतो, हे पाहायला फार लांब जावं लागत नव्हतं. बदलापूरच्या पुढच्या डोंगरांवर दिवसभर भट्ट्यांचा धूर दिसे. हा धूर राबाच्या धुरासारखा नव्हता. तो सरळ उभा राही आणि पावसाळ्यापर्यंत थांबत नसे.

मला त्या कॅम्पचा राग येत असे. देवी नावाची एक सिंधी बाई दर बुधवारी पापड विकायला दारी यायची. एकदा मी तिला बोलून गेले, "तुमच्या शेगड्यांनी आमचे डोंगर खाल्ले." ती पापडांची टोपली उतरवून पायरीवर बसली. म्हणाली, "बाई, उधर हमारे आँगन में बेर का झाड़ था. मेरी सास ने लगाया था. इधर जो कोयला जलाती हूँ, वो किसकी सास का झाड़ है, मेरे को क्या मालूम?" मग तिनं पापड मोजून दिले आणि एक जास्तीचा ठेवला. त्यानंतर मला कॅम्पचा राग धरता आला नाही. राग कुणावरच नीट धरता येत नाही, हे त्या वर्षात मी शिकत होते.

जंगल खात्यातले एक अधिकारी आजोबांच्या ओळखीचे होते. एकदा आमच्याकडे जेवायला आले. त्या दिवसांत गावोगाव हूल उठली होती की सरकार आता मालकीची रानं ताब्यात घेणार. त्या भीतीनं लोक सरसकट झाडं तोडून कोळशाच्या ठेकेदाराला देत होते. उद्या जायचंच आहे, तर आज विकलेलं बरं. अधिकारी म्हणाले, "वहिनी, आमचा खाकी माणूस दिसला की लोक घरात शिरतात. हे एक इंग्रजी पत्रक आहे. मालकांनी रान कसं राखावं ते यात आहे. तुम्ही मराठी करा, आणि जमलं तर वाचूनही दाखवा. बाईमाणसाचं ऐकतील."

मला किती आनंद झाला, तो आज सांगतानाही जाणवतो. त्या दोन खोल्यांत माझं इंग्रजी नुसतं पडून होतं.

बदलापूरजवळच्या बेलवलीला हिराजी पाटलांचं घर होतं. आगरी कुटुंब, पिढ्यान् पिढ्या भाताचं. हिराजी चाळिशीचे, रुंद हाडाचे, बोलायला मिठ्ठास. त्यांचं रान रुळांच्या पलीकडे, दीड तास चालल्यावर, डोंगराच्या पायथ्याला. आजूबाजूची दोन रानं तुटून गेली होती, यांचं शिल्लक होतं. ठेकेदाराचा मुकादम दोनदा ओटीवर येऊन सुपारी कातरून गेला होता. हिराजी ना हो म्हणत होते, ना नाही.

त्यांच्याच ओटीवर आमची पहिली बैठक झाली. पौषाचे दिवस, दहा-पंधरा मालक, सगळे भिंतीला टेकून. मी उभी राहून पत्रकातलं राबाबद्दलचं वाचलं. राबासाठी झाडं ओरबाडण्याची चाल नुकसानीची आहे आणि ती बंद करावी, असं त्यात होतं. एकदम हशा पिकला.

"साहेबाची बायको झारांची मास्तरीन झाली रं!" कुणीतरी मागून म्हणालं.

हिराजी हसले नाहीत. म्हणाले, "ताई, राब नाय भाजला तं भात काय तुमच्या कागदावर रुजंल?"

 मग त्यांनीच शिकवलं. मला रानात नेऊन दाखवलं, की जाणता माणूस ऐनाच्या बाजूच्या फांद्या घेतो, शेंडा ठेवतो, आणि एका झाडाला दोन वर्षं विसावा देतो. अडाणी माणूस शेंड्यासकट बोडकं करतो. "ह्या लिवा तुमच्या कागदावर," ते म्हणाले. मी लिहिलं. दोन ओळींचं कलम चांगलं पाच ओळींचं झालं.

त्या दिवशी मी ते रान पहिल्यांदा पाहिलं. मला ते पसाऱ्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू? सरळ साग, वाकडा कुंभा, मध्येच वाळून उभा राहिलेला ऐन, पोटात ढोल्या पडलेले बेहडे आणि कळंब, एकमेकांत हात घातलेले वेल. वर कुठेतरी घारीसारखी किंचाळी ऐकू आली आणि राखाडी रंगाचा एक मोठा पक्षी पंख मारत, तरंगत, पुन्हा पंख मारत गेला. चोचीवर शिंग होतं. "धनेश," हिराजी म्हणाले. "जोरीनं र्‍हातंय. त्या कलंबान त्याचा घर हाय."

हिराजींच्या आईला गावात सगळे ठमाबाय म्हणत. सत्तरीची बाई, गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं, दातांना मिशेरी. रानाच्या बांधावर एक जुना बेहडा होता, पोटातून पोकळ. त्याला टेकून ती बसलेली असायची. मी हिराजींना पत्रकातलं पुढचं कलम समजावत होते. वाळलेली, किडकी, पोकळ झाडं आधी काढा, म्हणजे निरोगी झाडांना ऊन आणि जागा मिळेल. विकायचंच असेल तर हे विका, सरळ झाडं राखा. ठेकेदारही गप्प बसेल, रानही राहील. हिराजींचा चेहरा उजळला. आपल्या रानाला वाचायची वाट आहे, हे त्यांना तेव्हा प्रथम दिसलं असावं.

ठमाबायनं मिशेरी थुंकली. "नि त्या पोकलीन जे र्‍हातान, ते कुठं जातील गो पोरी?"

मी हसून म्हणाले, "त्यांना दुसरं झाड मिळेल, आजी."

माझ्या आयुष्यातल्या ज्या वाक्यांची मला लाज वाटते, त्यांत हे पहिलं आहे.

आता पानाचं सांगते. पत्रक सायक्लोस्टाइल करायचं होतं. मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षर कोरायचं, मग तो यंत्रावर चढवून शाईचा रूळ फिरवायचा. मेणकागद मला एकच मिळाला होता. मी दोन संध्याकाळी बसून दहा कलमं कोरली. समास सारखे, ओळी सरळ, आकडे एकाखाली एक. राबाचं कलम वाढल्यामुळे पान काठोकाठ भरलं. इंग्रजी पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ राहिली होती. तिचा अर्थ इतकाच, की रानात ठिकठिकाणी काही जुनी पोकळ झाडं मुद्दाम राहू द्यावीत, कारण पक्षी आणि लहान प्राणी त्यांत घर करतात.

मी ती ओळ दोनदा वाचली. खाली जागा नव्हती. अक्षर लहान केलं असतं तर पानाची शोभा गेली असती. शेवटी ती तळटीपच होती. मी ती सोडली.

आजोबांनी छापलेलं पान उजेडात धरून पाहिलं. म्हणाले, "छापखान्यात काढल्यासारखं दिसतंय." मी त्या रात्री शांत झोपले.

माघात पानं वाटली गेली आणि मी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी पुण्याला गेले, ती सव्वा महिना राहिले. परतले तेव्हा चैत्र निम्मा सरला होता. दुसऱ्याच दिवशी हिराजी दारात. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात पहिली करवंदं. "चला ताई, रान बघाला. कागदापरमान केलाय सगला. आख्ख्या पट्टीन असा रान कोनाचा नाय."

वाटेत ते एकसारखे बोलत होते. मुकादमाला पोकळ झाडांवर कसं वाटेला लावलं, हिरव्या झाडाला हात लावू दिला नाही, लोक कसे बघायला येतात. त्यांच्या कंबरेला, पंच्याच्या घडीत, माझं पान होतं. घामानं शाई पसरली होती.

रान खरोखर सुंदर दिसत होतं, बाळांनो. मला अगदी आवडेल असं. सरळ साग, सरळ ऐन, मधून ऊन, खाली झाडून घेतल्यासारखी जमीन. फणीतून काढलेल्या केसांसारखं. मी म्हणाले, "छान केलंत, हिराजीभाऊ." आणि मग मला जाणवलं की आपला आवाज फार मोठा वाटतो आहे. दुसरा आवाजच नव्हता.

ठमाबाय बांधावरच्या बेहड्याला टेकून बसली होती. तोडणारे त्या झाडापाशी आले तेव्हा ती बुंध्याला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मी उठंन तवा तोरा." दिवस मावळेपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. हिराजी हे मला हसत सांगत होते. "आय आयकंत नाय. तेवरा एक र्‍हायला बघा, कागदाच्या भायेर."

ठमाबाय उठली आणि माझा हात धरून मला कळंबाच्या बुंध्याशी घेऊन गेली. जमिनीलगत तोडलेला खुंट. बाजूला चिखलाच्या लिंपणाचे वाळलेले तुकडे आणि दोन-तीन राखाडी पिसं. धनेशाची मादी फाल्गुनात ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं होईतो नर बाहेरून तिला भरवतो. ती तोडतानाही आतच होती. माणसांना कळलं ते झाड पडल्यावर.

"नर आजून येतंय," ठमाबाय म्हणाली. "उंबर घेऊन येतंय. बसाला फांदी नाय. फिरतंय नि जातंय."

तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती माझा हात सोडून पुन्हा बेहड्याकडे गेली. आम्ही तिथं उभे असतानाच तो नर आला. किंचाळला नाही. कळंबाचा शेंडा जिथं असायला हवा होता तिथं, रिकाम्या हवेत, दोन घिरट्या घातल्या. चोचीत काहीतरी लाल होतं. मग डोंगराच्या दिशेनं गेला. हिराजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि कमरेचं पान काढून उगाच उलगडलं. त्यांना वाचता जेमतेम येत होतं. बोट ठेवत ते कलमांवरून खाली गेले, तळापर्यंत.

"याच्यान पाखरांचा कायच नाय ना, ताई," ते म्हणाले. ते विचारत नव्हते. आपण काही वाचायचं चुकलो नाही ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

गाळलेल्या ओळीचं त्यांना सांगायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत डब्यांवरच्या चिठ्ठ्या मला बघवेनात. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग जाऊन सांग. मी येऊ का बरोबर?" मी नको म्हटलं. इंग्रजी पत्रक घेऊन एकटी बेलवलीला गेले, ओटीवर बसले आणि ती बारीक ओळ हिराजींना मराठीत वाचून दाखवली.

त्यांनी विचारलं, "मंग ह्या तुमी मना का नाय सांगितला?"

"पानात मावली नाही."

"पानान नाय मावली." ते तेवढंच म्हणाले. आत गेले, तांब्या-भांडं घेऊन आले, माझ्यासमोर ठेवलं. इतक्या उन्हात आलेल्या बाईला पाणी द्यायला हवं, म्हणून. ते पाणी मी कसं प्यायले, मला आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी नवीन मेणकागद मिळवला, ती ओळ सगळ्यात वर घातली, गावोगाव पुन्हा फिरले. लोक ऐकत. मान हलवत. पण हिराजी बैठकीला आले नाहीत. वाटेत भेटले तर विचारपूस करत, करवंदं पाठवत. ताई म्हणणं त्यांनी सोडलं नाही. मला वाटे, हळूहळू विश्वास परत येईल. विश्वासालाही तोडलेल्या ऐनासारखे धुमारे फुटतील.

दोन वर्षांनी सरकार रानं घेणार ही हूल पुन्हा उठली, आणि या वेळी मुकादम करारनामा घेऊन आला. मला कळलं तशी मी धावत गेले. हिराजींनी अंगठा उठवलेला होता. मी म्हणाले, "हिराजीभाऊ, त्या कागदात काय लिहिलंय ते कुणाकडून वाचून तरी घ्यायचं होतं. सगळं रान जाईल. अर्धवट ऐकून अंगठा दिलात."

ते शांतपणे म्हणाले, "तुमचा कागद तरी कुठं पुरा व्हता, ताई?"

 पन्नास वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर आहे.

रान त्याच उन्हाळ्यात गेलं. सरळ झाडं, मी राखायला सांगितलेली, सगळी. त्या वर्षी ठेकेदाराच्या भट्ट्यांचा धूर आमच्या पडवीतून दिसायचा. करारातून एकच झाड वगळलं होतं. हिराजींनी मुकादमाला सांगितलं होतं, "आयचा बेहडा सोरून." ठमाबाय तोवर गेली होती.

अनघा, तुझे शेतकरी हसतात तेव्हा हसू दे. हसणारा माणूस निदान ऐकतो आहे. मला भीती वाटते ती मुकाट्यानं मान डोलावून, सांगितलं तसं तंतोतंत करणाऱ्या माणसाची. त्याच्यापुढे आपलं पान पूर्ण असावं लागतं. अक्षर वाकडं आलं तरी चालतं, समास बिघडला तरी चालतो. आणि बांधावर कुणी म्हातारी बसलेली असेल, तिनं काही विचारलं, तर हसू नकोस.

मागच्या रविवारी तुमच्या काकानं मला रिक्षातून तिकडे नेलं. डोंगराच्या पायथ्याशी आता बंगले आहेत, कुंपणाच्या भिंती आहेत. हिराजींचा नातू तिथंच राहतो. मी कोण, हे त्याला सांगावं लागलं. त्यानं खुर्ची टाकली, पाणी दिलं.

माझ्या पानाची एक प्रत शिल्लक आहे, ती या पत्रासोबत ठेवली आहे. राहिलेली ओळ तळाशी हातानं लिहिली आहे, समासाबाहेर. तिकडे कुंपणाच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठमाबायचा बेहडा अजून उभा आहे. ढोलीत यंदा पिंगळे आहेत.